सहाशे अठ्ठ्याऐंशी

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत,
मोबाइलच्या दुकानांच्या डोक्यावर आमची खोली.
तीन खाटा, एक फ्रिज,
फ्रिजवर तिघींच्या मिठाच्या तीन बरण्या.
शीजा म्हणाली, क्रेडिट स्कोअर बघू नकोस,
बघितला की उतरतो.
तिच्या वॉर्डातली एक नर्स दर आठवड्याला बघायची,
तिला गाडीचं कर्ज नाकारलं.

मला लगेच पटलं.
आमच्या पालशेतात आईचीच दृष्ट आधी लागते म्हणतात.
माझी आई मी जेवताना दुसरीकडे बघायची.
नवा फ्रॉक घातला की म्हणायची, काय ते ध्यान,
आणि रात्री चुलीत मीठमोहरी तडतडायची.
शिजत्या भाताचं झाकणही मधेच उघडू द्यायची नाही.

तर चार वर्षं मी माझ्या आकड्याचं झाकण उघडलं नाही.

इतरांनी उघडलं.
मॉलच्या सरकत्या जिन्यापाशी टायवाला पोरगा,
मॅडम, कार्ड फ्री आहे, फक्त एक सही.
केली. त्याच्या बुटाचा तळ सुटला होता
आणि त्याला त्या दिवशी अजून दोन सह्या हव्या होत्या.
मग फेब्रुवारीत, एकाच आठवड्यात, तीन बँका,
भावाच्या होडीच्या इंजिनासाठी.
तिघींनीही कळवतो म्हटलं.
एकीनंच कळवलं.
नाही म्हणून.

मुनीर मुकादम, आमच्या कार्गोत हिशेब बघतो, मूळचा चिपळूणचा,
खजुराची बी बशीत टाकत म्हणाला,
अगो, बँकेनं बघणं वेगळं, आपण बघणं वेगळं.
बँक बघते तेव्हा आपण पैसे मागितलेले असतात.
त्याची नोंद राहते, थोडं खरचटतं.
तीन दारं एकदम ठोठावलीस, तीनदा खरचटलं.
आपल्याच घरात डोकावलं
तर कोण चोर म्हणतो?

शीजा रात्रपाळीला गेली तेव्हा
फी भरली, ओळखपत्राचा नंबर टाकला, मग कोड.
दिवा उगाचच बंद केला होता.
सहाशे अठ्ठ्याऐंशी.
पास झाल्यासारखं वाटलं, थोडं नापासही.
विश्वास बसेना म्हणून पुढच्या गुरुवारी
पुन्हा फी भरून नवा रिपोर्ट मागवला
(मुनीरला हे सांगितलेलं नाही).
सहाशे अठ्ठ्याऐंशी.
माझ्या बघण्यानं त्याचा केसही हलला नव्हता.

दुसऱ्या पानावर यादी होती,
मला कोणी कोणी, कोणत्या तारखेला बघितलं.
टायवाल्याची बँक. फेब्रुवारीतल्या तिघी.
इतकं टक लावून मला कोणी बघत होतं
आणि मी समजत होते, इथे कोणाचं लक्ष नाही.

त्याच्याखाली एक ओळ.
टेलिफोन. अजमान. सत्तेचाळीस दिरहम. थकीत.

अजमानची लाइन.
आई गुहागरच्या दवाखान्यात होती त्या वर्षी घेतलेली.
रोज रात्री साडेनऊला, तिथले अकरा,
वॉर्डबॉय फोन तिच्या कानाला धरायचा
आणि ती विचारायची, जेवलीस का,
मी हो म्हणायचे, मग दोघी गप्प,
आणि त्या गप्प बसण्याचेही पैसे पडत.
ती गेली त्या आठवड्यात मी खोली बदलली.
तिचा नंबर मोबाइलमधून कधी काढला नाही.
लाइन बंद करायचं तेवढं राहिलं.

पैसे भरायच्या मशीनला सुटे चालत नाहीत.
पन्नासची नोट घातली.
चिठ्ठी आली: बाकी शून्य,
तीन दिरहम पुढच्या बिलात जमा.

पुढचं बिल येणार नाही.
तीन दिरहम तिथेच आहेत, त्या लाइनीवर.
एका मिनिटाला पुरले असते.

शीजा अजून बघत नाही.
मी मात्र परवा पुन्हा बघितला.
आकडा विचारू नका.
माझ्या बघण्यानं काही होत नाही, हे मला कळलंय.
तुमचं मला माहीत नाही.