पन्नास वॅट

जिमखान्यामागची ती खोली आधी कॅरमबोर्डांची होती,
त्याआधी एनसीसीच्या बुटांची.
पगारे मामांनी कुलूप काढलं तेव्हा
आतून एक घूस आली, आमच्याकडे बघून परत गेली.
"तिला विचारून घ्या," मामा म्हणाले, "जुनी मेंबर आहे."

परवान्याला लागली दोन वर्षं आठ महिने.
ज्यांनी अर्ज लिहिला ते पास होऊन पांगले,
एक तर अंबडला कंपनीत रात्रपाळीवर.
त्याच्या तिरक्या अक्षरातले 'हेतू व उद्दिष्टे'
दिल्लीहून शिक्का मारून आले,
आणि आम्ही, ज्यांनी त्यातली एक ओळ लिहिली नव्हती,
पेढे वाटले.

भिंतींना अंड्यांचे ट्रे.
भद्रकालीतून रूबीनाच्या मामूंनी दिले, चारशे,
काहींना पिसं चिकटलेली.
दार लावलं की आपलंच रक्त वाहताना ऐकू यायचं.
तरी देवळालीच्या तोफा यायच्याच,
सरावाच्या दिवशी, जमिनीतून, खुर्चीच्या पायांतून.
गायत्री 'नमस्कार' म्हणायची आणि 'स्का'वर धडाम्.
सतरा वेळा.
अठराव्या वेळी डेर्ले मॅडम म्हणाल्या, राहू द्या,
शहर रोज ऐकतंच की ते.

नावावरून भांडणं झाली.
मतदानात जे जिंकलं ते प्राचार्यांना आवडलं नाही,
त्यांना जे आवडलं ते आम्ही कधी उच्चारलं नाही.
अजूनही पाटीवर एक आहे, तोंडात दुसरं.

पहिला दिवस. सकाळचे सात. डिसेंबर.
लाल दिवा लागला
आणि गायत्री पाठ केलेलं सगळं विसरली.
अकरा सेकंद काही नाही.
मोजले मी, घड्याळ धरणं एवढंच माझं काम होतं.
मग तिनं नाक ओढलं.
नाशिकच्या हवेत आमचं पहिलं वाक्य ते.

आता काशिनाथ भोयेबद्दल.
तो बोलायचा कमी, डाग द्यायचा जास्त;
त्याच्या शर्टाला कायम सोल्डरचा वास.
रविवारी त्याच्या मागे स्कूटरवर बसून
मी छोटा रेडिओ कानाशी धरला,
कुठवर पोचतो ते बघायला.
पंचवटी, स्वच्छ. म्हसरूळ, स्वच्छ.
पुढे द्राक्षबागा सुरू झाल्या, रूबीनाच्या आवाजात वाळू आली.
ढकांबे गेलं आणि एका वळणावर
ती शब्दाच्या मध्येच संपली.
काशिनाथनं स्कूटर लावली.
दोन पावलं मागे: रूबीना.
दोन पावलं पुढे: नुसती खरखर.
त्यानं चपलेनं धुळीत रेघ ओढली, म्हणाला, इथवर.
मी वहीत किलोमीटर लिहिले.
तो उत्तरेचे डोंगर बघत होता.
त्याचं घर सुरगाण्याच्या पलीकडे,
रेघेपासून अजून सत्तर-पंच्याहत्तर.
मी काही म्हणाले नाही. भजी खाल्ली, परत आलो.

गुरुवारची अर्ध्या तासाची वेळ त्यानं मागून घेतली.
आपल्या बोलीत बोलला,
नागलीबद्दल, बहुतेक, आणि एका बैलाबद्दल.
आम्ही काचेपलीकडे, एक अक्षर कळत नव्हतं.
रूबीना पुटपुटली, ऐकणार कोण?

फोन वाजला.
पाथर्डी फाट्याला नव्या इमारतीचा वॉचमन,
रात्रीची पाळी संपवून चहा ठेवत होता.
आधी मराठीत, जपून: "कोणत्या पाड्याचा रे तू?"
मग मराठी सुटली.
दोघंही एकदम बोलत होते, मध्येच हसत होते,
कुणाचं तरी नाव पुन्हा पुन्हा येत होतं.
माइक चालू होता. बंद करायचं बटण माझ्या बोटाखाली.
मागे कुठेतरी चहा उतू गेल्याचा आवाज, तोही हवेत गेला.

वहीत मी नोंद केली:
सात बेचाळीस ते सात एक्कावन्न, ठरलेलं नसलेलं.
मग गायत्रीनं हवामान वाचलं.
निफाड, पाच अंश.