गेज

शिरोलीतल्या फाउंड्रीत माझं काम एवढंच:
थंड झालेल्या कास्टिंगवर हातोडीनं टिचकी मारायची.
खणखणलं तर पुढं.
बद्द वाजलं तर आत कुठंतरी भेग,
खडूनं फुली.
मग भोकात गेज घालायचा.
एक टोक आत जायला पाहिजे, दुसरं जाता कामा नये.
एकोणीस वर्षं. बोटांना आता डोळे आलेत.

मार्चमध्ये ट्रेनिंग झालं.
पुण्याहून एक बाई आल्या, साठ प्रश्नांचा कागद वाटला.
समारंभात तुम्ही
(अ) पुढं होऊन बोलता
(ब) कोपरा धरता.
समारंभ कुणाचा, ते लिहिलं नव्हतं.
चुलतभावाच्या वास्तुशांतीला मी कोपरा धरला होता,
सुलभाच्या डोहाळजेवणात मीच गाणी म्हटली, नाचलेसुद्धा.
पेन्सिल 'ब'वर टेकली.
का, माहीत नाही. त्या दिवशी दाढ दुखत होती.

निकाल: अंतर्मुख. एकांतप्रिय. शिस्तीची.
खाली घुबडाचं चित्र.

खरं सांगते, बरं वाटलं.
बेचाळिसाव्या वर्षी कुणीतरी
माझ्या मापाचं लेबल आणलं होतं.
महिनाभर मिरवलं. डबा एकटीनं खाल्ला.
दोन लग्नं चुकवली, 'माझा स्वभावच नाही तो' म्हणून.

मग एप्रिलात फायनल, शाहू स्टेडियम.
आमच्या पेठेच्या पोरानं शेवटच्या मिनिटाला
रिकामा गोल घालवला
आणि मी पायरीवर उभी राहून
त्याच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला
की पुढच्या रांगेतला रफिक मुजावर, आमच्याच मोल्डिंगचा,
मान वळवून बघतच राहिला.
"मॅडम, तुम्ही? आणि कागदावर घुबड?"
"कागद भरणारी दुसरी असंल," म्हटलं.
घसा चार दिवस बसला होता.

गेज आम्ही दर सहा महिन्यांनी कॅलिब्रेशनला पाठवतो.
पोलादाचा असला तरी झिजतो,
रोज त्याच त्या भोकांत जाऊन.
झिजलेला गेज अडखळत नाही,
वाईट माल पास करतो, तेही खात्रीनं.
मला कुठं पाठवायचं?

ताईला कागद दिला, माझ्या वतीनं तू भर म्हणाले.
तिनं भरताना एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही.
निकाल: जिथं जाईल तिथं जत्रा.
ते तिचंच असावं.

पण भरता भरता तिला काहीतरी आठवलं, हसली.
"कडी आठवती का गं?"

उद्यमनगरच्या मागं दोन खोल्या.
बाबा रात्रपाळीला, भट्टीवर.
सकाळी सातला येऊन झोपायचे
आणि दुपारी तीनपर्यंत घरात आवाज नाही.
कडीखाली बोट धरून कडी लावायची.
पातेल्याखाली फडकं.
आम्ही दोघी नुसत्या ओठांनी भांडायचो.
ताई मग गल्लीत जाऊन किंचाळून यायची.
मी नाही गेले.
शाळेत बाई म्हणाल्या, किती शांत मुलगी.
प्रगतिपुस्तकात आलं. आईनं पाहुण्यांना सांगितलं.
मला वाटलं, असेन.

म्हणजे स्वभाव कुणाचा हा?
माझा, का रात्रपाळीचा?
आणि गल्लीत का नाही गेले,
ते मात्र कुणाची पाळी होती?

परवा दुपारी दीडला घरी आले.
बाबा खुर्चीत, जागे. ऐंशीला टेकलेत,
ब्लोअरनं दोन्ही कान कधीचेच नेले.
तरी माझं बोट कडीखाली गेलं.
"चहा ठेवू का?" मी कुजबुजले.
"आँ?"
"चहा."
"मोठ्यानं बोल की गं!"

मग पोटातनं ओरडले, चहा ठेवू काऽऽ
आणि तशीच उभी राहिले, कान देऊन,
खणखणला, का बद्द,

तेवढ्यात भिंतीपलीकडनं यमुनाकाकू:
"ठेव, ठेव! माझाबी टाक अर्धा कप."