आधी हवा येते

नागीण आबांच्या कपाळावर उठली, डाव्या अंगाला.
शेजारच्या सरोळकरीणबाईंनी गेरूनं तिची हद्द आखली,
म्हणाल्या, तोंड नि शेपूट जुळू द्यायचं नाही, बास.
नाही जुळलं.
भुवईपाशी थांबली, खपल्या धरल्या,
आम्ही निर्धास्त.

पाचव्या आठवड्यात आबांनी चमच्याला चावी म्हटलं.
मग ब्रशला. मग मला.
उजव्या हातातून पेला सुटला,
स्टीलचा होता, म्हणून नुसता वाजला.

आबा महापालिकेचे चावीवाले.
शिवडीच्या अकरा गल्ल्यांचं पाणी
त्यांच्या खांद्याएवढ्या लोखंडी चावीनं
पहाटे साडेचारला सुटायचं, सहाला बंद व्हायचं,
दोन्ही वेळा शिव्या खाऊन.

परळला डॉक्टर तस्नीमनी पडद्यावर बोट ठेवलं:
ही मेंदूची रक्तवाहिनी. इथे आतून सुजली आहे.
रक्त जातंय, पण धार बारीक.
लहानपणीच्या कांजिण्या म्हणे कधी गेल्याच नव्हत्या,
मज्जातंतूच्या मुळाशी पन्नास वर्षं निजून होत्या.
आम्ही बाहेरून गेरू लावत होतो
तेव्हा त्या तंतू धरून आत निघाल्या होत्या.
मी विचारलं, तेव्हाच आणलं असतं तर?
त्यांनी पाठीतलं पाणी काढायच्या कागदावर
सही कुठे करायची ते दाखवलं.

सहा, दोन, दहा.
दर आठ तासांनी एक बाटली, तासभर, सावकाश.
घाईनं सोडली तर औषध मूत्रपिंडात खड्यांसारखं साचतं,
म्हणून पाणी भरपूर, लघवी मोजून.
मी मोजली. लिहिली.
आबा जिच्यात पाण्याच्या वेळा टिपायचे
त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर.
सूज उतरायला पाच दिवस स्टेरॉईड:
साखर तीनशे वीस, झोप नाही,
रात्री दोनला भूक, वॉर्डबॉयशी भांडण,
तेही एकाच शब्दात.

नवव्या दिवशी सिस्टर गावित ओरडल्या,
काका, हात लावू नका!
आबांनी डाव्या अंगठ्यानं
सलाईनच्या नळीवरची चकती फिरवली होती.
सिस्टरनी घड्याळ धरून थेंब मोजले.
बरोबर होते.
काही बोलल्या नाहीत,
चकतीवर चिकटपट्टी मात्र लावली.

चौदा दिवसांनी घरी.
धार बरी आहे, हात अर्धा आहे,
शब्दांचं सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाल्या.
अकरा गल्ल्यांना आता एक नवा पोरगा पाणी सोडतो,
पावणेपाचला.
आबा साडेचारलाच मोरीच्या कट्ट्यावर बसतात,
नळ उघडा ठेवून.

आज नळ खोकला, फुरफुरला, कोरडाच.
मी बादली सरकवायला वाकले
तर त्यांनी माझं मनगट धरलं,
सैल, पण उजव्या हातानं.
ओठ हलले. चावी नव्हतं ते.
ह... ह...
मी बादली खाली ठेवली.