तळ

नोवी बोरला माझ्या टेबलावर
वस्तू आधी उलटी होते.
वरचा रंग कुणालाही दिसतो,
तळ खोटं बोलत नाही,
असं माझे गुरू म्हणायचे.
त्यांना दोनदा फसवलं, ते तळानंच.

ड्राहोमीरा स्कालिच्कोव्हा बाईंनी
फुलदाणी स्वेटरात गुंडाळून आणली होती,
एक बाही तिच्या तोंडात कोंबलेली,
बोळा लावावा तशी.
मधाचा रंग, कडेला धुरकटत गेलेला.
शिवण कुठेच नाही, म्हणजे साच्यातली नव्हे, फुंकलेली.
टिचकी मारली. आवाज लांबला, मग जरा कलंडला.
जांभळ्या दिव्याखाली काहीच हिरवं पेटलं नाही
तेव्हा बाईंचा चेहरा उतरला.
म्हटलं, न पेटणं हा दोष नसतो.

मग तळ.
मधोमध सळई मोडल्याची खूण,
घासून गुळगुळीत, अंगठा बसेल एवढी.
भोवती झिजेचं कडं.
बनावट झीज एका दिशेनं पळते,
पॉलिशकागदाला तेवढीच वाट ठाऊक.
इथल्या रेघा आडव्यातिडव्या, केसाहून बारीक,
तरी सगळ्या मिळून डावीकडे झुकलेल्या.

"घराजवळून रेल्वे जाते?"
"खाणीची मालगाडी. पाच चाळीसची.
खिडकीतून ही रोज इवलीशी सरकायची.
रविवारी मी परत जागेवर ठेवायचे."

आणि त्या झिजेच्या वर
एका बड्या कारखान्याची सही.
वर म्हणजे नंतर.
अक्षरं ठिपक्याठिपक्यांची,
सुई घसरली की पुन्हा टेकवलेली.
"यजमान काय करायचे?"
"कवळ्या. दातांच्या."

मी भिंग त्यांच्या हाती दिलं.
सही नसती तर साडेतीन हजार क्राउन.
सही आहे, म्हणून
लिलावात कुणी दारात उभं करणार नाही.
हे मी जमेल तितक्या हळू सांगितलं.
हळू सांगितल्यानं आकडा बदलत नाही.

बाई बराच वेळ वाकून राहिल्या.
"शेवटच्या हिवाळ्यात," म्हणाल्या,
"रात्री स्वयंपाकघरात ड्रिल चालायचं.
हात तर थरथरत होते ओल्द्रिखचे.
मला वाटायचं, कुणाची तरी कवळी अडली असेल.
सकाळी म्हणाला, ही जपून ठेव,
मी गेल्यावर वीक, हिचे पैसे येतील."

फॉर्मवर मी लिहिलं:
फुलदाणी, मधरंगी, फुंकलेली, याच भागातली.
सही: नंतरची.
पुढं पेन थांबलं.

बाही पुन्हा तोंडात गेली. स्वेटराला गाठ बसली.
दाराशी जाऊन त्या वळल्या:
"स्पेलिंग तरी बरोबर आहे का हो?"
एक अक्षर राहिलंय, मी म्हटलं. कुठलं, तेही सांगितलं.

बाई हसल्या, चांगल्या मोठ्यानं.
"तेच! आमच्या लग्नाच्या पत्रिकेवरही
त्यानं तेच खाल्लं होतं."