हातचा

एकोणीस खिडक्या.
दोनदा मोजल्या. तळघरातल्या फटीला
खिडकी म्हणायचं की नाही, ते नंतर बघू.

सत्तावीस वर्षं डुलूथच्या चढ-उतारांवर
मी शाळेची बस चालवली.
मग हे घर घेतलं, नीट करून विकायला.
वाटलं, घर निदान मागच्या सीटवर बसून
रडत तरी नाही.

रडतं.
नोव्हेंबरात लेक सुपीरियरवरून वारा सुटला
की एकेक चौकट आपापल्या सुरात.

वहीत खिडक्यांपुढे मी लिहिले होते सहा हजार.
सहाच का, ते आता सांगता येत नाही.
आकडा गोल होता,
मुठीत मावत होता.

ओर्विल स्कोग्लंड आला, बोटाच्या पेरानं
लाकूड वाजवत फिरला, डॉक्टर छाती वाजवतो तसा.
"साध्या अठरा. एकीचे सातशे ऐंशी, बसवून.
समोरची मोठी वेगळी, तिचे बावीसशे."
मी बेरीज त्याच्यासमोर केली नाही.
तो गेल्यावर केली.
सोळा हजार दोनशे चाळीस.
पुन्हा केली. हातचा विसरले असेन, म्हणून.
विसरले नव्हते.

कर्जाचं व्याज दिवसाला एकेचाळीस डॉलर.
मी झोपते, ते झोपत नाही.

घरं विकणारी इमोजीन फोनवर म्हणाली,
"मार्लिस, लोक नव्या खिडक्या नुसत्या बघतात.
जुन्या मोजतात."

रात्री रंगाच्या बादलीवर बसून
मी घराचे दोन भाग केले:
रस्त्यावरून दिसणारं, आणि उरलेलं.
दिसणाऱ्या सात खिडक्या नव्या. सहा हजार आठशे ऐंशी.
वरचे आठशे ऐंशी काढले न्हाणीघराच्या फरशीतून
(गुळगुळीत हिरवी जाऊन साधी पांढरी आली;
हिरवी मला फार आवडली होती).
उरलेल्या बारा मी स्वतः.
लांबी, सुती दोरी, पोलादी पातं,
आणि रंगात शिसं, म्हणून तोंडावर मास्क.

स्वयंपाकघरातली खिडकी सगळ्यात हट्टी.
रंगाचे थर किती, सातानंतर मोजणं सोडलं.
चौकटीच्या पोटात लोखंडी वजन
तुटल्या दोरीसह तळाला पडलेलं,
किती वर्षं, कोण जाणे.
नवी दोरी ओवली, गाठ मारली
बुटाच्या नाडीला मारतात तशी,
आणि काच एका बोटानं वर गेली.
वर गेली आणि थांबली.
मी हात काढला तरी थांबली.

कुंपणापलीकडे तोइवो लाह्ती बर्फ ओढत होता.
फावडं रोवून बघत राहिला.
"आर्ने आणि एल्ना असताना
ती काठीवर टेकलेली असायची," म्हणाला,
"वीतभर काठी. टोकाला खाच."

खाच असलेली काठी.
पहिल्याच दिवशी खणात सापडली होती,
कशाची ते न कळून
कचऱ्याच्या डब्यात टाकली होती मी.
तो डबा नेण्याचे साडेचारशे
वहीत आहेत, पावतीसकट.

मार्चमध्ये एक जोडपं आलं.
त्यानं बाहेरून नव्या सात बघितल्या,
मग मागे जाऊन बारा मोजल्या. अगदी मोठ्यानं.
तिनं काही मोजलं नाही. ओट्याशी उभी राहून
ती खिडकी वर केली, खाली केली, परत वर केली,
आणि बाहेरचं गार आत येऊ दिलं.
"जुन्या बारांचे चार हजार कमी करा," तो म्हणाला.

वहीच्या शेवटच्या पानावर
इमोजीनलाही न सांगता
मी तीन हजार राखून ठेवले होते.
म्हटलं, तीन.
तो तिच्याकडे वळला.
ती अजून तिथेच होती, पाठमोरी,
खिडकीतून हात बाहेर काढून
बर्फ पडतोय का, ते बघत.