कॅमेरा खाली करा

समुद्रपूरच्या चांडकांनी दुकानाचं मार्ट केलं
त्याला दोन वर्षं होत आली.
पाटी मी खांबावरून वाचलेली,
तार जोडता जोडता.
आत आलो तो आज.
एका हातात प्लास्टिकची टोपली, दुसऱ्यात फोन,
फोनमध्ये पुष्पकला, खाटेवर,
पाय प्लास्टरात,
आणि डाफेंची पोट्टी तिकडचा फोन धरून बसलेली.

"तुमचं तोंड नका दाखवू मले,
तोंड रोजच पाह्यते.
कॅमेरा खाली करा. तुरीची दाळ दाखवा."

दाखवली.
"थे नाही. पालिशची हाय थे, चमकते कशी पाहा.
बाजूची."
बाजूला मसूर.
"त्याच्या बाजूची, बाप्पा!"
मागची बाई टोपली या हातातून त्या हातात घेते,
पण पुढे जात नाही. ऐकत राहते.
साबणाच्या रांगेत एक पोरगा
घरच्या रिकाम्या डब्याचा फोटो समोर धरून
तसाच भरलेला डबा शोधतोय.

कोणत्या तारेत वीज आहे
हे एकतीस वर्षं मी खालून पाहून सांगत आलो.
कोणत्या दाळीत किडा आहे
हे मला कोणी विचारलं नव्हतं.

"दाणा दाताखाली धरा. कट्टकन वाजला?"
वाजला.
"मले नाही आला आवाज. अजून एक."
फोन गालाशी लावून
दुकानाच्या मधोमध मी दाळ फोडत उभा,
आणि छताच्या कॅमेऱ्यातून
चांडकांचा पोरगा गल्ल्यावर बसून हे पाहतोय,
काही म्हणत नाही.

हळदीपाशी नेटवर्क गेलं.
ती मध्येच थांबली, तोंड उघडं, डोळे मिटलेले,
एक बोट वर.
मिठाच्या गोण्यांकडे सरकलो, दाराकडे,
तेव्हा बोट हललं.
"वायगावची हाय का? वास घ्या."
घेतला.
"सांगा नं कसा हाय."
म्हटलं, हळदीसारखा.
ती गप्प.
मग म्हटलं, खांब रोवायला खड्डा खणतो नं आम्ही,
कमरेइतका झाला की खालून एक वास येतो,
तसा.
डाफेंची पोट्टी खुदकन हसली. ती नाही हसली.
"मंग थेच घ्या," म्हणाली, "पाव किलो.
अन् पुडी उन्हाकडच्या खिशात नका ठेवू."
उन्हाकडचा खिसा कोणता,
हे विचारायचं राहिलं.

चहा तेवढा मी न विचारता उचलला.
लाल पुडा. घरातली माझ्या ओळखीची
एकच वस्तू.

गल्ल्यावर पोरगा म्हणाला,
"काका, काकू दोन नेतात.
हा पुडा, अन् चुरा पावभर, सुटा, खालच्या डब्यातला.
मोबाईल नंबर सांगा, सगळं निघते यात."
नंबर सांगितला. निघालं.
त्याच्या पडद्यावर आमचं घर,
महिन्यामागं महिना,
जिरं पन्नास ग्रॅम, साबण दोन, पाचवाली बिस्किटं,
चहा लाल अर्धा किलो,
चहा चुरा पावभर.
चहा चुरा पावभर.
दिवाळीच्या महिन्यातही
चहा चुरा पावभर.

आमच्याकडे सकाळी दोनदा चहा ठेवतात
हे मला माहीत होतं.
पहिला माझा. दुसरा, वाटायचं,
उरलेल्या दुधाचा.

फोन वर केला. तिचं तोंड दिसेल असा.
"हा चुरा कोणासाठी?"
पलीकडे खाट करकरली.
"कॅमेरा खाली करा," ती म्हणाली.
"बिल दाखवा. साखर दोनदा तर नाही लावली त्यानं?"

साखर एकदाच लावली होती.
पोराला म्हटलं, चुरा अर्धा किलो कर.
पुडा परत ठेवायला गेलो तर
कुठून उचलला ते सापडेना.
मसुरीपाशीच ठेवून आलो.