पेट नाही

साकीनाक्याला, वेल्डिंगच्या दुकानावरच्या खोलीत
दिवे मालवून आम्ही दोघं
आरशात बघत बसतो.
आरशाखाली भट्टी, भट्टीत काचेचा चंबू.

सुईतून एक थेंब आत: गवती चहाचा अर्क.
ठिणगी नाही, काडी नाही.
नुसती धग वाढवत न्यायची
आणि आपणहून कधी पेटतो ते बघायचं.

आधी खोलीभर
सर्दीच्या दिवसांतला चहा दरवळतो,
मग करपतो.
आगीशिवाय धूर नाही म्हणतात.
इथे रोज निघतो,
आणि मी वहीत लिहिते: पेट नाही.

तुस्कानो सर कुजबुजतात
(अंधारात का कोण जाणे, सगळेच कुजबुजतात)
"अजून दहा अंश."
चंबू फुंकून साफ. नवा थेंब. घड्याळ.

आणि आरशात एकाएकी
एक पान, निळसर, देठासकट.
उमटलं म्हणेस्तोवर गेलं.

"दिसलं?"
"दिसलं."
"आता दोन-दोनने खाली."

संध्याकाळपर्यंत खाली उतरत जातो,
पान पुन्हा दिसेनासं होईतो.
तो आकडा पिंपावर चिकटेल, बारीक अक्षरांत.
मे महिन्यात शिवडीच्या गोदामात
त्याच पिंपाला पाठ टेकून कुणी डबा उघडेल,
म्हणेल, वास छान येतोय.